साळूआक्काच्या पायांवरचा पैलवान

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. अलीकडे खैरवाडी, पलीकडे बेलवडे आणि मध्ये एकच नाव. खैरवाडीत साळूआक्का नावाची सुईण राहायची. दोन्ही गावांतलं प्रत्येक मूल तिच्याच हातांवर जन्माला यायचं. पाय लांब करून ती बसायची, तान्ह्याला पायांवर घ्यायची आणि कोमट तेलानं चोळायची. रडून लाल झालेलं पोर तिचा अंगठा लागला की गपगार झोपायचं.

माणसाच्या अंगातलं एकेक वर्म तिला ठाऊक होतं, असं म्हणतात. वर्म म्हणजे अंगावरची नाजूक जागा. तिथं हलकं बोट फिरलं तर दुखणं पळतं आणि जोरात दाबलं तर धडधाकट गडी कोलमडतो.

आता, खैरवाडीला कुस्तीचं भारी वेड. हरायचंही तेवढंच वेड, असं बेलवड्याचे लोक म्हणायचे. कारण बेलवड्याकडे हिंदुराव होता. नदीवरची नाव तोच चालवायचा आणि वल्हं मारून मारून त्याचे दंड असे झाले होते की समोरचा सलामी देतानाच निम्मा हरायचा. साळूआक्काचा मुलगा मल्हारी दर जत्रेत त्याच्याशी लढायचा आणि पाठीला माती लावून घरी यायचा.

एका वर्षी जत्रा तोंडावर आली तेव्हा मल्हारी आईला म्हणाला, "आई, हिंदुराव तुज्याच हाताखालनं गेलाय. त्येचं वर्म कुटं हाय, तेवढं सांग."

आक्का भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "त्येच्या आईनं लेकरू म्हणून माज्या हातात दिलं हुतं, वैरी म्हणून न्हाई. परत इचारू नगंस."

मल्हारीनं परत विचारलं नाही. त्यानं नुसतं पाहिलं. शेजारच्या अंगणात आक्का बाळाला तेल लावत होती. दंडाच्या आतल्या एका जागी आली की तिचा अंगठा हलका व्हायचा, बाळाला लागलाय की नाही हेही कळू नये इतका. मल्हारीला जागा सापडली. अंगठा तिथं हलका का होतो, हे मात्र त्याच्या डोक्यात शिरलं नाही. घाईतल्या माणसाला अर्धी विद्याही पुरते.

जत्रेत कुस्ती लागली. हिंदुरावानं त्याला कवेत घेतलं आणि मल्हारीनं त्या जागी सारं बळ लावून अंगठा रोवला. हिंदुराव पडला. खैरवाडीनं फेटे उडवले, हलग्या कडाडल्या. पण हिंदुराव उठून बसला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. डाव्या हातानं तो उजवा उचलून बघायचा आणि सोडला की तो पुन्हा मातीत पडायचा. हलग्या बंद पडल्या. हात नाही तर वल्हं नाही, आणि वल्हं नाही तर त्याच्या घरची चूल नाही. बेलवड्याच्या लोकांनी काठ्या उचलल्या.

मल्हारी धावत जाऊन आईला घेऊन आला. आखाड्यात तेव्हा बाईमाणसानं पाऊल ठेवायचं नाही, अशी रीत होती. तालमीचे दौलू वस्ताद आडवे आले. "आक्का, हितनं पुढं न्हाई."

"वस्ताद, ह्या मातीत उतरल्याला एक अन् एक गडी आदी माज्या पायांवर उताणा पडलाय," आक्का म्हणाली. "तुमच्या पोरांसकट. सरका."

वस्ताद सरकले.

ती मातीत बसली, पाय लांब केले आणि एवढ्या मोठ्या हिंदुरावाला तिनं पायांवर घेतलं. देवापुढच्या समईतलं तेल मागवलं. बाळांना बोलायची तसं काहीबाही पुटपुटत ती चोळू लागली. असं म्हणतात, की तिच्या हाताखाली हिंदुराव लहान लहान होत गेला, पोरसवदा झाला, मग रांगतं पोर आणि शेवटी तान्हं बाळ. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, पण दोन्ही गावं तिथं उभी होती आणि दोन्ही गावांनी कधी नव्हे ते एकच सांगितलं. मग हिंदुरावानं टाहो फोडला, नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखा. उजवा हात हलला. वर आला. आणि त्याच्या मुठीनं आक्काचं बोट घट्ट धरलं.

बघता बघता आक्काच्या पायांवर पुन्हा पुरा वाढलेला हिंदुराव होता. काठ्या खाली आल्या. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणी लपवलंही नाही.

मल्हारी आईच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागं घेतले. "माज्या न्हाई. त्येचा हात धर. ज्या अंगठ्यानं दाबलंस त्योच रोज तेलात बुडवून चोळ. त्येला वल्हं पेलंस्तवर नाव तू चालीव."

मल्हारीनं ती नाव चालवली. हिंदुराव पुढं बसून त्याला शिव्या घालत वल्हं मारायला शिकवायचा. हात पुरता बरा झाल्यावरही दोघं त्या नावेत एकत्र दिसायचे, असं म्हणतात.

पुढं दौलू वस्ताद स्वतः आक्काच्या अंगणात आले आणि म्हणाले, तालमीतल्या पोरांना वर्म शिकवा. आक्का म्हणाली, "शिकवीन. पर आदी निजवायला शिकायचं, मग पाडायला."

आता नदीवर पूल आहे. नाव कधीच मोडून गेली. पण खैरवाडीच्या तालमीत अजूनही नव्या गड्याला एकदम डाव शिकवत नाहीत. गावात ज्या घरी तान्हं बाळ असेल तिथं त्याला धाडतात. पाय लांब करून बसायचं, साळूआक्काचं नाव घ्यायचं आणि बाळाला तेल लावायचं. मिशा फुटलेले गडी घामाघूम होतात. बाळ रडलं तर उद्या पुन्हा यायचं. पुलावरून बेलवड्याचीही पोरं येतात, त्यांनाही हीच रीत.

बाळ झोपलं की त्याची आई हळूच उठते, गड्याकडं बोट करून दाराशी थांबलेल्या वस्तादाला म्हणते, "न्या ह्याला मातीत."