भुऱ्याचं अत्तर

माणसांचं म्हणणं जनावरांना नीट कळायचं, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या गोदाकाकूंकडे भुऱ्या नावाचा कुत्रा होता. त्याला आंघोळ मिळे ती वर्षातून एकदा, पोळ्याला, बैलांबरोबर. एरवी काकू त्याला रोज ओल्या फडक्याने पुसत, विंचरत आणि वेखंडाची पूड चोळत.

"अंगाला घाण वास आला, तर ओसरीवर पाय ठेवायचा नाही," त्या बजावत.

भुऱ्याला हे पटे. वेखंडाचा घाण वास त्यालाही सोसत नसे. म्हणून तो तडक नदीवर जाई आणि सडक्या मासळीवर मनसोक्त लोळून, घमघमत परत येई. काकू नाकाला पदर लावून त्याला अंगणात हाकलत.

"एवढं करूनही?" तो मांजरीपाशी कुरकुरला.

"त्यांना वासातलं काय कळणार?" पंजा चाटत मांजर म्हणाली. "त्या रोज आंघोळ करतात."

रोज! भुऱ्याचा जीव कळवळला. बिचारीला स्वतःचा म्हणून वासच उरला नसणार.

दुसऱ्या दिवशी काकू पूजेला निघाल्या, तेव्हा त्यांच्या धुतलेल्या सोवळ्यावर एक जुना, निवडून आणलेला मासा ठेवलेला होता. भुऱ्या अंगणात शेपूट हलवत बसला होता. आता काकूंनाही वासातलं कळणार होतं, आणि त्याला कोणी ओसरीवरून हाकलणार नव्हतं.