फौजदारांचा पहिला प्रश्न

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची थंडी आठवली की मला सदाशिव वाळंजू आठवतात. मी तेव्हा नवखा बातमीदार होतो आणि ते आमच्या तालुक्याचे माजी फौजदार. एका पावसाळ्यात होडी उलटली, तेव्हा बुडालेली माणसं त्यांनी स्वतः बाहेर काढली होती. नदीवर पूल व्हावा म्हणून ते कचेऱ्यांत खेटे घालून थकले. शेवटी वर्दी उतरवून निवडणुकीला उभे राहिले आणि आमदार झाले.

सभागृहात उठून त्यांनी एवढंच विचारलं, "आमचा पूल कधी होणार?"

बांधकाममंत्री तात्यासाहेब घोरवडे फर्डे वक्ते. ते विकासावर भरपूर बोलले, पुलावर मात्र बोललेच नाहीत. वाळंजूंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तात्यासाहेब हसत म्हणाले, "फौजदारसाहेब, हे तुमचं ठाणं नाही. इथे जाबजबाब चालत नाहीत."

मंत्र्यांच्या बाजूची बाकं वाजली. वाळंजू शांतपणे म्हणाले, "ठाण्यातला अनुभव सांगतो, साहेब. ज्याच्याकडे उत्तर असायचं, तो ते देऊन घरी जायचा. ज्याच्याकडे नसायचं, तो मी पोलीस आहे म्हणून कुरकुरायचा."

अध्यक्षांनाही हसू आवरेना. तात्यासाहेबांनी पुढच्या अर्थसंकल्पात पुलाची तरतूद करण्याचा शब्द दिला. तो पाळलाही.

तेव्हा सभागृहात भांडणारे बाहेर एकाच टेबलावर बसत. त्या दुपारी तात्यासाहेब वाळंजूंपुढे चहाचा कप सरकवत म्हणाले, "काठी न उगारता कबुलीजबाब घेतलात हो."