मीठ कुणाच्या बाजूचं?

ताटातले पदार्थ बोलत असत आणि जेवणाऱ्याला ते निमूट ऐकावं लागे, त्या काळातली गोष्ट. ताटाचा प्रमुख निवडायचा होता. नियम असा, की आधी प्रत्येक बाजूने आपला उमेदवार ठरवायचा. डावीकडे चटणी आणि लोणचं, उजवीकडे भाजी आणि आमटी. मीठ मात्र वर, मधोमध.

मीठ डावीकडे तिकीट मागायला गेलं. लोणचं खेकसलं, "आधी उजवीकडच्यांना चार शिव्या घाल!"

"अहो, मी तुमच्यात आहे तसं त्यांच्यातही आहे."

"फितूर!" चटणी किंचाळली. उजवीकडे आमटीनेही तेच ऐकवलं, फक्त जास्त उकळून.

"आमच्यातलं तुझं काढून घे आणि चालू लाग!" दोन्ही बाजू ओरडल्या. मिठाने मुकाट्याने काढून घेतलं.

दामूअण्णा जेवायला बसले. आमटीचा एक भुरका, लोणच्याचं एक बोट, आणि ताट थेट अंगणातल्या कुत्र्यापुढे. कुत्र्याने हुंगलं आणि पाठ फिरवली.

आता सगळे गयावया करू लागले. "मीठराव, तुम्हीच उभे राहा!"

"कुठल्या बाजूने?"

"आमच्या!" दोन्ही बाजू एकदम गरजल्या, आणि कुत्र्याच्या देखत पुन्हा जुंपली.