ढिली सांडशी

डोंगरात जेव्हा नुसत्या पायवाटा होत्या आणि माणसं डोक्यावर ओझी घेऊन घाट ओलांडत होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरा कान देऊनच ऐकावी.

एका घाटाच्या माथ्यावर राजाने धर्मशाळा बांधली होती. तिथे म्हाळसा स्वयंपाक करायची आणि तिचा नवरा गणोजी धर्मशाळेची डागडुजी बघायचा. आल्यागेल्याला गरम पेज आणि भाकरी दिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही, असा राजाचा हुकूम होता.

गणोजी आळशी नव्हता, उलट फार हुशार होता. एकदा परसातल्या झऱ्याचं पाणी दगडावरून इकडेतिकडे पसरू लागलं. गणोजीने चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलली आणि झऱ्याच्या तोंडाशी बसवली. पाण्याची धार नेमकी घागरीत पडू लागली. एक वाटसरू ते बघून म्हणाला, "वा! काय डोकं आहे!"

झालं. त्या दिवसापासून गणोजीला स्वयंपाकघरात भांडी दिसेनाशी झाली, नुसते उपयोग दिसू लागले.

उलथन्याने भिंतीचे पोपडे छान निघतात, हे त्याला कळलं. रवीने चुना एकजीव होतो, हेही कळलं. वरवंटा दाराला टेकवला की वाऱ्याने दार आपटत नाही. आणि पिठाची चाळण कोंबडीच्या पिल्लांवर पालथी घातली की घार काही करू शकत नाही. येणारे-जाणारे कौतुक करायचे आणि गणोजी आणखी काही शोधत फिरायचा.

इकडे म्हाळसा तोंडाने चूल फुंकून फुंकून लाल व्हायची. ताकाला चुन्याचा वास यायचा. भाकरी उलटायला उलथनं नाही, म्हणून तिची बोटं पोळायची.

"अहो, माझं उलथनं कुठंय?" ती विचारायची.

"अगं, मागच्या भिंतीशी असेल. काय सुंदर काम झालंय बघ तरी!"

"भिंत मी वाढू का लोकांना?"

गणोजी हसायचा. त्याला वाटायचं, बायकोला कौतुक करता येत नाही.

मग त्याने सांडशी नेली. चुलीवरची तापलेली पातेली धरून उतरवायची ती सांडशी. तिने आढ्यातले जुने खिळे उपटता येतात, असा शोध त्याला लागला होता. चाळीस खिळे उपटून त्याने सांडशी परत आणली, तेव्हा तिची मधली खीळ ढिली झाली होती आणि एक पातं वाकलं होतं.

"खाली लोहाराकडे जाऊन एवढी नीट करून आणा," म्हाळसा म्हणाली. "पातेलं निसटेल एखाद्या दिवशी."

"उद्या जातो."

दुसऱ्या दिवशीही तो उद्याच जाणार होता. तिसऱ्या दिवशी म्हाळसाने पुन्हा सांगितलं, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "एका सांडशीसाठी किती मागे लागशील? फडक्याने धर की!"

चौथ्या दिवशी घाटात दरड कोसळली. खालची वाट बंद झाली आणि बावीस माणसं माथ्यावर अडकली. आदल्या सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांच्यात एक ओली बाळंतीण होती. बरोबरची म्हातारी सासू म्हणाली, "बाई, हिला आधी काहीतरी ऊन ऊन दे."

म्हाळसाने मोठं पातेलं चढवलं. पेज रटरटू लागली. उतरवायला तिने फडकं शोधलं, तर ते खुंटीवर नव्हतं. गणोजीने सकाळीच ते छपराच्या भोकात बोळा करून कोंबलं होतं. पेज उतू जाऊ लागली. तिने सांडशीच घेतली, जपून पातेलं उचललं, आणि मधली खीळ निखळली.

उकळती पेज म्हाळसाच्या दोन्ही पावलांवर सांडली.

तिची किंकाळी ऐकून गणोजी धावत आला. म्हातारीने म्हाळसाला झऱ्यापाशी नेऊन पाय पाण्याखाली धरायला लावले. मग कोरफडीचा गर लावला आणि तिला खाटेवर निजवलं. नंतर ती गणोजीकडे वळली.

"बघत काय बसलास? माणसं उपाशी आहेत. चूल पेटव."

गणोजीने चूल पेटवायला घेतली. फुंकणी झऱ्यावर होती. पीठ चाळायचं, तर चाळण कोंबड्यांनी घाण केलेली. भाकरी तव्याला चिकटली आणि करपली. उलथनं हातात आलं, तर त्यावर चुन्याचा थर. बाळंतीण भुकेने रडायला लागली, तिचं बाळही रडायला लागलं. गणोजी घामाघूम होऊन ओरडला, "या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"

ओरडला आणि त्याचे शब्द त्याचे त्यालाच ऐकू आले.

खाटेवर म्हाळसा जागी होती. तिने नुसतं भिंतीकडे तोंड वळवलं. तिने शंभर शिव्या दिल्या असत्या तरी गणोजीला एवढं लागलं नसतं.

त्या दिवशी लोकांना दुपार कलल्यावर कच्ची-करपलेली भाकरी मिळाली. बाळंतिणीला पेज त्याहून उशिरा मिळाली. दरड उपसून वाट मोकळी झाली, माणसं गेली. म्हाळसा मात्र तीन महिने खाटेवर होती. ते तीन महिने गणोजीने स्वयंपाक केला, आणि प्रत्येक वस्तू कशासाठी असते हे त्याला हळूहळू समजत गेलं. जखमा भरल्या, पण म्हाळसाची चाल कायमची लंगडी झाली.

पुढे एक व्यापारी धर्मशाळेला नवा पितळी झारा देऊन गेला. त्याच आठवड्यात धर्मशाळेमागच्या विहिरीत पाला पडला. गणोजीचे डोळे झाऱ्याकडे गेले. तो चुलीजवळ येऊन उभा राहिला.

"हा घेऊ का गं? पाला काढायला बरा आहे."

म्हाळसाने मान वर केली नाही. "नको," म्हणाली.

गणोजीने झारा खाली ठेवला. मग बांबूच्या कामट्या आणून तो परसात बसला आणि जाळी विणू लागला. जाळी पुरी व्हायला संध्याकाळ झाली.

वस्तूचा नवा उपयोग सुचणं ही हुशारी खरी. पण ती वस्तू रोज ज्याच्या हातात असते त्याला आधी विचारणं, हे शहाणपण.