रेघेखालचं गाव

ज्या गावात कधी पाऊल टाकलं नाही, त्या गावातून रेघ ओढणाऱ्यांनी आजवर कुणाची माफी मागितलेली नाही. उलट त्यांचेच सत्कार झाले.

असेच एक सत्कारमूर्ती, निवृत्त राजदूत भडकमकर, विद्यापीठात शांतता-अभ्यासाच्या वर्गाची परीक्षा घेत होते. परीक्षा म्हणजे लुटुपुटूचा तह. भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी जाड मार्करनं दोन देशांची सीमा आखली. दोन्ही देशांच्या बाजूनं बसलेल्या मुलांनी सह्या केल्या. उरली वृषाली. तिच्याकडे सीमेवरच्या गावकऱ्यांची बाजू होती.

"सही करा, नाहीतर नापास," भडकमकर म्हणाले.

नापास म्हणजे शिष्यवृत्ती गेली आणि शिक्षणही सुटलं, हे वृषालीला ठाऊक होतं.

"करते, सर. पण सहीखाली गाव आणि देश लिहायचाय. माझं गाव सापडत नाहीये."

भडकमकरांनी चष्मा लावून शोधलं. गाव रेघेखाली गेलं होतं.

"नकाशाच्या मापानं तुमची रेघ चार किलोमीटर रुंद आहे, सर. आम्ही तिच्या आत राहतो. मग देश कोणता लिहू?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

"त्यात काय एवढं? बारीक पेनानं काढू," भडकमकर म्हणाले.

"काढा. आमची घरं लहानच आहेत, त्याही रेघेखाली मावतील."

भडकमकरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि चहाला निघून गेले. तह मात्र तिच्या सहीविनाच मंजूर झाला होता. वृषाली नकाशासमोर नुसती उभी राहिली.

विभागातल्या सगुणाबाई ओलं फडकं घेऊन आल्या. "सरक गं, पुसू दे. दरवर्षी साहेब रेघ तिथूनच काढतात."