ब्रेकवरचा पाय

“सील नवं, लायनर नवे. तरी उजवा ब्रेक तापतोय आणि तेल गळतंय. का, वस्ताद?”

दिगंबरचा आवाज चढला होता. स्वतःचं गॅरेज उघडलेल्या माणसाला जुन्या वस्तादाकडं जायचं म्हणजे नाक मुठीत धरूनच जावं लागतं, आणि दिगंबरचं नाक तसं मोठं.

मेहबूब वस्तादांनी खाटेवर बसूनच त्याच्या लहान ट्रॅक्टरकडं पाहिलं. मागच्या चाकावर तेलाचे ओघळ होते.

“काल काय झालं?”

“टेकडीवरनं द्राक्षबागेतल्या बाया घेऊन उतरत होतो. मधेच ब्रेक धरंना. बांधावर घातला, तवा थांबला.” “ट्रॉलीत आईपण होती.”

“आणि आज?”

“पाचला त्यांनाच आणायचंय. म्हणून तर...”

त्यानं काल काढलेलं सील पुढं केलं. वस्तादांनी ते जरा वाकवलं. रबर कटकन मोडलं.

“भाजलंय.”

“मालच बोगस येतो हल्ली.”

वस्ताद उठले, तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि ब्रेकच्या पेडलवर फासला.

“सपाटीनं ओढ्यापर्यंत जाऊन ये. ब्रेक लावायचा नाही. थांबायचं झालं तर इंजिन बंद कर.”

दिगंबर गेला आणि आला.

“लावलास?”

“नाही. आईची शपथ.”

वस्तादांनी चाकामागच्या ब्रेकवर पाणी शिंपडलं. चर्र झालं.

“चप्पल दाखव.”

दिगंबरनं उजवा पाय उचलला. चपलेचा तळ चुन्यानं पांढरा झाला होता.

“दाबला नाही, वस्ताद. नुसता ठेवला होता.”

“रोज ठेवतोस?”

“ठेवणारच! बाया माझ्या भरवशावर बसतात. घरातनं निघाल्यापासनं घरी येईस्तोवर पाय उचलत नाही मी.”

हे तो छाती काढून बोलला. बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला.

“नुसता ठेवला तरी लायनर घासतात,” वस्ताद म्हणाले. “घासले की तापतात. सील भाजतं. तेल लायनरवर उतरतं...”

“...मग कितीबी दाबा, ब्रेक धरत नाही.”

वाक्य दिगंबरनंच पुरं केलं. हेच तो गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचा. आपल्याच काळजीनं आपली आई बांधापर्यंत नेली होती, हे त्याला आत्ता कळलं.

दूर शाळा सुटल्याची घंटा झाली. तो घाईनं ट्रॅक्टरकडं वळला.

“पाच वाजत आले. आज पाय वर धरून चालवतो. शिकलो की आता!”

वस्तादांनी किल्ली काढून खिशात टाकली.

“आज बाया चालत उतरतील. तूबी जा, आईचा हात धर.”

“आणि ट्रॅक्टर?”

“निवंल घटकाभरात.” वस्ताद पुन्हा खाटेवर टेकले. “पायाला वेळ लागंल.”