कोंडाईची सांजपाखरं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा नदीला पूल नव्हता आणि सांगडेवाडीच्या माणसांना पावसाळ्यात पलीकडे जायचं तर भोपळ्याच्या जिवावर जावं लागे. हसू नका. मोठाले दुधी भोपळे वेलावरच जून होऊ द्यायचे, कडकडीत वाळवायचे आणि बाजेएवढ्या बांबूच्या चौकटीखाली ओळीने बांधायचे. तिलाच म्हणायचे सांगड. वर बसायची बाई, नाहीतर म्हातारं माणूस, आणि पोहणारे गडी ती ढकलत पलीकडे न्यायचे; पाणी चढलेलं असलं की काठावरून ओढायला दोरही बांधायचे. जुना भोपळा तडकतो, म्हणून दर वर्षी नवे लागत.

ते पिकवायची कोंडाई. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक लेक राही, तीही नदीपलीकडे दिलेली. कोंडाईच्या भोपळ्यावर बसलेलं माणूस कधी बुडालं नाही, असं म्हणतात.

त्या गावात रताळ्याच्या वेलांवर एक अळी यायची. बोटाएवढी जाड, हिरवीगार, आणि शेपटीवर एक वाकडं शिंग. कुणीतरी कधीतरी त्या शिंगाला विंचवाची नांगी म्हटलं आणि अळीचं नावच नांगी पडलं. एकदा नाव पडलं की नीट बघायला कोण जातंय? मग एका वर्षी रावजी पाटलांचा बैल रताळ्याच्या रानात मरून पडला. चावला असेल सापच, पण खुरापाशी सापडली ही अळी. पाटलांचा बैल मेला म्हणजे कुणीतरी गुन्हेगार हवाच. दवंडी पिटली, सगळ्या गावाने अळ्या वेचल्या, ठेचल्या, चुलीत घातल्या. कोंडाईनेही घातल्या.

पुढे काय झालं? भोपळ्याचे वेल मांडवभर पसरले, तिन्हीसांजेला पांढरी फुलं उमलली, आणि एकही भोपळा धरला नाही. बोटाएवढे व्हायचे, पिवळे पडायचे, गळायचे.

पुढल्या आषाढात राहीचा निरोप आला. सातवा लागला होता, पहिलटकरीण होती, आणि सुईण होती ती अलीकडे, सांगडेवाडीत. नदी दुथडी भरलेली. कोंडाईने सांगड पाहिली, तर भोपळे सगळे तडकलेले. काळजावर दगड ठेवून तिने उलटा निरोप धाडला, "पानी उतरलं की ये." पाणी उतरायला महिना लागला. तोवर राही सासरीच अडली. ती वाचली, बाळ वाचलं नाही.

श्रावणात कोंडाई रताळ्याचं रान खुरपत होती, तेव्हा पानाखाली तिला एक नांगी दिसली. तिने दगड उचलला. अळीने मान वर केली, क्षणभर थांबली, आणि पुन्हा खाऊ लागली. काय ती भूक! कोंडाईला पोटुशी राही आठवली. हातातला दगड तसाच राहिला. एक जीव गेला तेवढा पुरे, असं ती स्वतःशीच म्हणाली. भीत भीत तिने त्या नांगीला बोट लावलं, तर ती शिजलेल्या शेंगेसारखी मऊ. डसणं दूरच, टोचलीसुद्धा नाही.

तिने शोधून शोधून सात अळ्या घरी आणल्या. टोपलीत वीतभर भुसभुशीत माती घातली, सकाळ-संध्याकाळ रताळ्याचा कोवळा पाला घातला, वाळका पाला आणि लेंड्या रोज काढल्या. गावात बोभाटा झाला. पाटील चार माणसं घेऊन दारात आले.

"कोंडाई, घरात इख पाळतीस व्हय?"

"पाटील, नांगी हे नाव आपुन ठिवलं. ती बिचारी कुनाला डसलीया कवा?" असं म्हणून कोंडाईने अळी उचलली आणि आपल्या गालावर ठेवली. अळी गालावरून कपाळावर गेली, कुंकू नसलेल्या जागेवर थोडी थांबली आणि दुसऱ्या गालावरून खाली उतरली. मग पाटलांनीही धीर करून एक बोट पुढे केलं आणि अळीने मान वर करताच झटकन मागे घेतलं. गाव हे अजून विसरलेलं नाही.

थोड्या दिवसांनी अळ्यांनी खाणं सोडलं. रंग काळवंडला, टोपलीत गोल गोल फिरल्या आणि मातीत शिरल्या. कोंडाईने हलकेच उकरून पाहिलं, तर आत तपकिरी कोश, आणि पुढे कढईच्या कानासारखी वळलेली सोंड. तिने माती परत लोटली. सुकू दिली नाही, भिजूही दिली नाही, आणि वर चार काटक्या खोचून ठेवल्या.

भादव्यातल्या एका तिन्हीसांजेला माती हलली. ओल्या चिंधीसारखे पंख घेऊन एक जीव काटकीवर चढला आणि लटकून राहिला. पंख हळूहळू ताणले गेले, पोटावरचे गुलाबी पट्टे दिसले, सगळं अंग थरथरलं आणि तो उडाला. पहिला गेला तो थेट तुळशीपुढच्या दिव्यावर, आणि होरपळला. कोंडाईने दिवा उचलून घरात नेला. मग मागून निघालेले बाकीचे भोपळ्याच्या फुलांकडे वळले. फुलापुढे हवेत उभं राहून, अंगाहून लांब सोंड सोडून ते मध पिऊ लागले.

"अगं बया, ही तर सांजपाखरं!" कोंडाई ओरडली. दर वर्षी फुलांवर येणारी ही पाखरं तिने लहानपणापासून पाहिली होती. मधमाशा उजेडाच्या. संध्याकाळी उमलणाऱ्या फुलाला पराग पोचवायला हीच यायची. "राही, आपुनच ही पाखरं जाळली गं, ह्या हातानं जाळली," म्हणत ती मांडवाखाली बसून रडली. तिचं नातवंड गेलं ते का, हे तिला त्या संध्याकाळी कळलं.

पाखरांनी रताळ्याच्या पानांखाली अंडी घातली, आणि कुणी ती चिरडू नये म्हणून कोंडाईने घरोघर सांगत फिरून ती राखली. सात कोशांतून सातशे पाखरं झाली, असं म्हणतात. त्या वर्षी भोपळ्यांनी मांडव वाकला.

पुढच्या आषाढात राहीला पुन्हा सातवा लागला. नदी आधीपेक्षा जास्त चढलेली. कोंडाईने बारा भोपळ्यांची सांगड पाठवली आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. सांगड मधोमध आली आणि दोर तुटला. दिवेलागणीची वेळ होती. तेव्हा काठावरून सांजपाखरांचा थवा उठला, त्यांनी आपल्या लांब सोंडांनी तुटला दोर धरला आणि सांगड अलीकडे ओढत आणली, असं म्हणतात. पाखराची सोंड ती केवढी, असं कुणी विचारलं तर गावच्या बाया म्हणतात, पाखरं किती होती ते आधी विचार. राही उतरली, आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आये, आले गं मी." भादवा सरता सरता तिला मुलगी झाली.

कोंडाई पुष्कळ जगली आणि एका आश्विनात मांडवाखालीच बसल्या बसल्या गेली. आता नदीवर पूल आहे, एसटी येते, भोपळे भाजीपुरते लावतात. तरी सांगडेवाडीत रताळ्याची एक ओळ कोंडाईची म्हणून सोडतात. तिच्यावर औषध मारत नाहीत आणि दिवाळीपर्यंत तिथली माती उकरत नाहीत. भादवाभर तुळशीचा दिवा दाराआड लावतात. आणि पाऊस कितीही असो, पूल पाण्याखाली जावो, "पाणी उतरलं की ये" असं त्या गावात पाहुण्याला म्हणतात, जावयाला म्हणतात, पण लेकीला कुणी म्हणत नाही.